एका नावाचे दोन डबे

पॅथॉलॉजीत एमडी करत होते तेव्हाची गोष्ट. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या ग्रॉसिंग रूममध्ये, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव कापून तपासतात तिथे, माझी सकाळ डबे उघडण्यात जायची. ऑपरेशन थिएटरमधून फॉर्मॅलिन भरलेले प्लास्टिकचे डबे यायचे. वर चिकटपट्टीवर रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि आत काय आहे ते एका ओळीत. एके दिवशी एकाच नावाचे दोन डबे आले. एकात अन्ननलिका, खाली जठराचा तुकडा जोडलेला. दुसऱ्यात उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड, स्पंजासारखा हलका, वर्षानुवर्षांच्या धुराची काळी जाळी अंगावर घेतलेला. मला वाटलं थिएटरच्या मावशींनी चिकटपट्टी चुकून लावली. सरांना नेऊन दाखवलं. त्यांनी फॉर्म उलटसुलट केला आणि म्हणाले, "चूक नाहीये गं. माणूस एकच आहे, कॅन्सर दोन आहेत."

अन्ननलिका उभी चिरून कॉर्कच्या पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवावी लागते, नाहीतर फॉर्मॅलिनमध्ये आक्रसते आणि मापं चुकतात. बसवली. मधोमध फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत गाठ. फुप्फुसाच्या खंडात सुरी घातली तर आत सुपारीएवढी, पांढुरकी, कडक अशी दुसरी. चार दिवसांनी स्लाइड्स हातात आल्या. अन्ननलिकेतली स्क्वेमस, म्हणजे अस्तरातल्या चपट्या पेशींची, फुप्फुसातली ग्रंथीपेशींची, म्हणजे ॲडिनोकार्सिनोमा. दोघींचं एकमेकींशी काही नातं नव्हतं. घर एक होतं, भाडेकरू दोन.

आता मी जिल्ह्याच्या गावी स्वतःची लॅब चालवते. असे रुग्ण इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. पण त्यांचं पुढे काय होतं ते बघत बघत माझं एक मत पक्कं झालंय. अन्ननलिकेचा कॅन्सर असलेल्या माणसाच्या फुप्फुसात एकटा डाग दिसला, तर त्याचा तुकडा तपासल्याशिवाय 'पसरला' हा शब्द कुणी तोंडातून काढू नये. आणि तपासून दोन वेगळे कॅन्सर निघाले, तर त्याचं ऑपरेशन गावोगावी होऊ नये. राज्यात मोजक्या ठिकाणी व्हावं, आणि तिथवर माणूस पोचवायची जबाबदारी सरकारनं घ्यावी. पहिल्या मागणीला कुणाचा विरोध नसतो, फक्त ती पाळली जात नाही. दुसरी मागणी केली की मात्र सगळेच अंगावर येतात.

मागच्या वर्षीचा एक रुग्ण सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदललाय. साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, वय ६१. तरुणपणापासून बिडी, पुढे तंबाखू-चुना, अधूनमधून दारू. आधी भाकरीचा घास अडकायला लागला, मग भात, मग माणूस पेजेवर आला. ॲसिडिटीच्या गोळ्यांत चार महिने गेले. शेवटी दुर्बीण घातली तेव्हा अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ. तुकडा माझ्याकडे आला, स्क्वेमस निघाला. पेट स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात पावणेदोन सेंटिमीटरचा एक डाग चमकला. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत रेडिओलॉजिस्टनं 'मेटास्टॅसिसची शक्यता', म्हणजे पसरल्याची शक्यता, असं लिहिलं होतं. पुढच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याची 'चौथी स्टेज' झाली, आणि घरी पोचेपर्यंत 'आता घरीच सेवा करा'. 'शक्यता' हा शब्द वाटेत कुठे गळला ते कुणालाच आठवत नव्हतं.

त्याचा मुलगा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून स्लाइड्स न्यायला लॅबमध्ये आला. रजिस्टरमध्ये सही करता करता त्यानं सहज विचारलं, "मॅडम, ह्या अन्ननलिकेच्या. फुप्फुसातल्या डागाच्या कुठायत?" मी कपाट उघडायला उठले आणि तशीच थांबले. त्या डागाचा तुकडा कुणी घेतलाच नव्हता. एवढ्या डॉक्टरांच्या हाताखालून फाइल गेली, आणि हा प्रश्न बारावी झालेल्या पोरानं विचारला.

सीटी स्कॅनवर बघत सुई घालून तुकडा घेतला. ॲडिनोकार्सिनोमा, टीटीएफ-१ पॉझिटिव्ह; टीटीएफ-१ ही फुप्फुसाच्या पेशींची खूण, ती खास रंग देऊन शोधतात. म्हणजे फुप्फुसाचाच स्वतःचा, अन्ननलिकेतून आलेला नव्हे. एका रंगानं माणूस चौथ्या स्टेजमधून बाहेर आला. त्याच्या अंगात आता दोन कॅन्सर होते, आणि ही चांगली बातमी होती. हे वाक्य नातेवाइकांना समजावून सांगणं किती अवघड असतं, ते सांगून बघावं.

आपल्याकडे अशा डागाचे अर्थ तीन. पसरलेला कॅन्सर, नवा कॅन्सर किंवा टीबी. हा तिसरा पाहुणा आपल्या दारात कायम उभा असतो, आणि पेट स्कॅनमध्ये टीबीची गाठही कॅन्सरसारखीच उजळते. म्हणजे टीबीच्या जुन्या गाठीपायी एखाद्याला बऱ्या होण्याजोग्या अन्ननलिकेच्या कॅन्सरसकट घरी पाठवलं जाऊ शकतं. पॅथॉलॉजी प्रत्येक वेळी उत्तर देतेच असंही नाही. दोन्हीकडे स्क्वेमस निघालं तर माझा सूक्ष्मदर्शक हात टेकतो. मग गाठीच्या कडेला सुरुवातीच्या टप्प्याचे बदल दिसतात का, दोन्हींतले जनुकीय बिघाड जुळतात का, असं शोधत बसावं लागतं, आणि शेवटी सर्जन, रेडिओलॉजिस्ट, कॅन्सरचे फिजिशियन आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एका टेबलाशी बसून ठरवावं लागतं. १९३२ साली वॉरेन आणि गेट्स या दोघांनी अनेक कॅन्सर असलेल्या रुग्णांसाठी तीन साध्या अटी घातल्या होत्या. दोन्ही गाठी निर्विवाद कॅन्सरच्या असाव्यात, दोन्ही वेगवेगळ्या असाव्यात, आणि एक दुसरीची पिल्लावळ नाही याची खात्री केलेली असावी. नव्वद वर्षं उलटून गेली. आपली फाइल अजून तिसऱ्या अटीपाशी घसरते.

दोन कॅन्सर एकाच माणसाला का व्हावेत, याचं उत्तर आपल्या शेतकऱ्याला डॉक्टरांपेक्षा लवकर पटतं. १९५३ मध्ये स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या ७८३ रुग्णांचा अभ्यास करून दाखवलं की गाठीभोवतीचं, वरवर निरोगी दिसणारं अस्तरसुद्धा बदललेलं असतं. रोग एका रोपाला नसतो, सगळं वावरच बिघडलेलं असतं. तंबाखू आणि दारू तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या अस्तरावर वर्षानुवर्षं फवारली जाते, धूर फुप्फुसात उतरतो. एका कोपऱ्यात उगवलं तर दुसऱ्या कोपऱ्यात उगवणार नाही, अशी हमी कोण देणार? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं काही ना काही सेवन करत होते. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के, काही जण दोन्हींत. मिश्री लावणाऱ्या बायका यातच आल्या. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि ती कशी चाललीय ते कुठल्याही टपरीवर दिसतं. पण तो वेगळा लेख.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला फुप्फुसाच्या कॅन्सरचे ८१ हजारांवर आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचे ७० हजारांवर नवे रुग्ण निघतात. दोन्ही एकदम असलेले त्यांत थोडेच. जपानमध्ये अन्ननलिकेच्या रुग्णाचं घसा, तोंड, फुप्फुस सगळं दुसऱ्या कॅन्सरसाठी मुद्दाम तपासतात. दुर्बिणीतून आयोडीनचा फवारा मारतात. निरोगी अस्तर तपकिरी होतं, बिघडलेला भाग तसाच फिका राहतो. या जोडकॅन्सरांवरचं बरंचसं लिखाण जपान आणि चीनमधून येतं, त्याचं एक कारण हेच. तिथे शोधतात.

आता ऑपरेशन. मी सर्जन नाही, माझ्याकडे माणूस डब्यातून येतो. पण डबा भरण्याआधी काय होतं ते समजून घेतल्याशिवाय माझ्या दुसऱ्या मागणीचा अर्थ लागणार नाही.

अन्ननलिका मणक्याला टेकून छातीच्या पाठीमागच्या भागातून उतरते. तिच्यापर्यंत डावीकडून जायचं तर महाधमनी वाटेत आडवी, म्हणून सहसा उजवीकडून जातात. १९४६ मध्ये आयव्हर लुईस या वेल्श सर्जननं पोट आणि छातीची उजवी बाजू अशी दोन्हीकडून ही शस्त्रक्रिया मांडली, आजही ती त्याच्या नावानं ओळखली जाते. अन्ननलिका काढायची, जठराची नळी करून वर ओढायची आणि छातीत किंवा मानेत जोडायची. त्याआधी १९१३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेकनं एका बाईची छातीतली अन्ननलिका यशस्वीपणे काढली होती. जोडता काही आलं नाही, म्हणून मानेतल्या भोकापासून पोटातल्या भोकापर्यंत बाहेरून रबराची नळी बसवली. ती बाई त्या नळीतून गिळत पुढे बारा-तेरा वर्षं जगली. १९३३ मध्ये सेंट लुइसला एव्हर्ट्स ग्रॅहमनं कॅन्सरसाठी एका माणसाचं अख्खं फुप्फुस काढलं. तो रुग्ण ग्रॅहमपेक्षा जास्त जगला. ग्रॅहम स्वतः सिगरेटी ओढायचा, १९५७ मध्ये फुप्फुसाच्याच कॅन्सरनं गेला.

डाग उजव्या फुप्फुसात असेल तर अन्ननलिकेच्याच वाटेनं तोही काढता येतो. भूल एकदा, मार्ग एक. डाव्या फुप्फुसात असेल तर एक तर कूस पालटून दुसरी बाजू उघडायची, नाहीतर काही आठवड्यांच्या अंतरानं दोन ऑपरेशनं करायची. मग आधी कुठलं? आधी फुप्फुस काढलं आणि माणूस सावरलाच नाही, तर घास अडवणारी गाठ तशीच राहते. आधी अन्ननलिका काढली, तर गुंतागुंतीत महिने जातात आणि फुप्फुसातली गाठ वाढते. याचं छापील उत्तर नाही.

एकाच वेळी काढण्यात खरा धोका कापण्याचा नसतो, जोडण्याचा असतो. जठर आणि अन्ननलिकेचा सांधा गळू शकतो, हे या शस्त्रक्रियेचं जुनं दुखणं. एकट्या अन्ननलिकेच्या ऑपरेशनमध्ये गळती सांभाळून घेता येते. पण शेजारीच फुप्फुसाचा खंड काढून श्वासनलिकेचं तोंड टाके घालून मिटवलेलं असेल, तर गळलेलं आम्ल त्या टाक्यांवर जातं. त्यात लसीकाग्रंथी साफ करताना श्वासनलिकेच्या फांद्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्याही तुटलेल्या असतात. म्हणून काही सर्जन सांधा छातीत ठेवतच नाहीत, जठर छातीच्या हाडामागून वर नेऊन मानेत जोडतात. गळलं तर मानेत गळेल, ड्रेसिंग करता येईल. शिवाय स्वरयंत्राची नस दुखावली तर खोकल्याचा जोर जातो, थुंकी आत साठते, न्यूमोनिया होतो. आणि तो झेलायचा असतो त्याच फुप्फुसानं, ज्याचा एक खंड कालपरवा माझ्या डब्यात आलाय.

युरोपात अन्ननलिकेच्या ११५ रुग्णांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत छाती उघडून ऑपरेशन केलेल्यांपैकी २९ टक्क्यांना पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग झाला, दुर्बिणीतून केलेल्यांत ९ टक्क्यांना. हे नुसत्या अन्ननलिकेचं. फुप्फुसाच्या बाजूनं दिलासा जपानहून आला. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी अख्खा खंड काढायचा की त्याचा एक उपखंड, यावर ११०६ रुग्णांची चाचणी २०२२ मध्ये छापून आली. पाच वर्षांनी उपखंड काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के हयात होते, खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. उपखंडवाल्यांत कॅन्सर जागच्या जागी परतण्याचं प्रमाण जास्त होतं, तरीही ते जास्त जगले. कारण खंड काढलेल्या गटात इतर आजारांनी, त्यात दुसऱ्या कॅन्सरनीही, जास्त माणसं गेली. राखलेलं फुप्फुस पुढच्या संकटाला उपयोगी पडतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. आमच्या रुग्णाचं पुढचं संकट तर त्याच्या छातीत आधीपासूनच होतं.

एवढे आकडे दिले, पण एकही आकडा अशा माणसाचा नाही, हे कुणाच्या लक्षात आलं का? मोठ्या चाचण्यांच्या नियमावलीत बहुतेक वेळा एक ओळ असते: रुग्णाला दुसरा सक्रिय कॅन्सर नसावा. नेदरलँड्समधल्या क्रॉस चाचणीनं दाखवलं की ऑपरेशनआधी पाच आठवडे केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तर स्क्वेमस गटातलं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर जगतात तो काळ, २१ महिन्यांवरून सुमारे ८२ महिन्यांवर जातं. पण दोन कॅन्सरवाल्याला ती लागू करायची तर अंदाजानं. त्याच्या अर्ध्या छातीसाठी एक पुरावा आहे, उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरा, आणि अख्ख्या माणसासाठी आहेत ते छोट्या छोट्या गटांचे अनुभव. ज्याच्या बाबतीत पुस्तक गप्प, त्याच्या बाबतीत अनुभवी हातांची गरज सगळ्यात जास्त, हे माझ्या दुसऱ्या मागणीचं मूळ.

यावर एक बाजू म्हणते, चिरफाड हवीच कशाला? फुप्फुसातल्या छोट्या गाठीला नेमका, जास्त ताकदीचा शेक देता येतो. अन्ननलिकेच्या स्क्वेमस कॅन्सरला केमो आणि शेकानं चांगला गुण येतो, काहींची गाठ पूर्ण विरघळते आणि मग लक्ष ठेवून थांबताही येतं. हा आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही. ६१ वर्षांचा, जिना चढताना दोनदा थांबणारा, चार महिने पेजेवर काढलेला माणूस दोन्ही ऑपरेशनं झेलेलच असं नाही. कित्येकांना अन्ननलिकेचं ऑपरेशन आणि फुप्फुसाला शेक, अशी विभागणीच योग्य ठरेल. पण हा निर्णयही तेच चौघं एका टेबलाशी बसून घेऊ शकतात, ज्यांनी दोन्ही प्रकारचे रुग्ण पुष्कळ पाहिलेत. सर्जन नाही म्हणून शेक, किंवा शेकाचं मशीन बंद म्हणून ऑपरेशन, याला वैद्यकीय निर्णय म्हणत नाहीत.

दुसरी बाजू याच्या अगदी उलट. तिला ऑपरेशनची हौस आहे. जिल्हा आवृत्तीत दर काही महिन्यांनी बातमी येते: 'दुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी'. फोटोत रुग्ण पलंगावर बसलेला, हातात पुष्पगुच्छ, मागे हिरव्या झग्यातले सात-आठ जण. हा फोटो आठव्या-दहाव्या दिवसाचा असतो. अशा ऑपरेशनचा खरा निकाल नव्वदाव्या दिवशी लागतो, आणि त्या दिवशी कुणी फोटोग्राफर बोलवत नाही. सर्जनच्या हाताला मी नावं ठेवत नाही. आमच्या भागात उत्तम हात आहेत. पण रात्री दोन वाजता सांधा गळाला तर दुर्बीण घालून स्टेंट बसवणारा कोण, एका फुप्फुसावर भूल देण्याची सवय कोणाला, तीन गोळ्यांचं ते श्वासाचं यंत्र रुग्णाकडून तासातासाला करून घेणारी फिजिओथेरपिस्ट रविवारी असते का, या प्रश्नांची उत्तरं सर्जनच्या हातात नसतात. ती रुग्णालय वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतं, यात असतात.

बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २५ लाख शस्त्रक्रियांचा हिशोब मांडला. वर्षाला अगदी मोजकी ऑपरेशनं करणारी आणि भरपूर करणारी रुग्णालयं, यांच्या मृत्युदरात अन्ननलिका काढणं आणि अख्खं फुप्फुस काढणं या दोन्हींत पाच टक्क्यांहून जास्त अंतर निघालं. टक्के कोरडे वाटतात. शंभर माणसांमागे पाच जास्त तिरड्या, असं वाचा. नेदरलँड्सनं यावरून धडा घेतला. २००६ पासून वर्षाला किमान १० अन्ननलिका, २०११ पासून किमान २०, नाहीतर ते ऑपरेशन करायचंच नाही. जर्मनीनं आपली मर्यादा १० वरून २६ केली.

"मॅडम, नेदरलँड्स केवढा आणि महाराष्ट्र केवढा," हे मला आमच्या आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, बैठकीत ऐकवलं गेलं. बरोबर आहे. नेदरलँड्सचे सातएक तुकडे महाराष्ट्रात बसतील. गडचिरोलीच्या माणसाला परळला या म्हणणं म्हणजे येऊच नका म्हणणं. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर चटई टाकून झोपणारी कुटुंबं मी शिकत असताना रोज ओलांडून जायची. त्यांच्यात आणखी भर घाला, असं मी म्हणत नाहीये.

माझं म्हणणं एवढंच की कॅन्सरचे सगळे उपचार एका मापानं मोजू नयेत. दुर्बीण, तुकडा, केमो, पोषणासाठी पोटातून घातलेली नळी, वेदनांची औषधं, हे सगळं घराजवळ हवं, जिल्ह्यात हवं, आणि त्यासाठी होणाऱ्या प्रत्येक नव्या केंद्राचं मी स्वागत करीन. पण अन्ननलिकेचं ऑपरेशन, आणि त्यातही सोबत फुप्फुसाचं, मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा चार-पाच ठिकाणीच व्हावं. तिथली संख्या वाढली पाहिजे, आणि तिथले नव्वद दिवसांचे मृत्यू दरवर्षी जाहीर झाले पाहिजेत. मोजणी आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, खेड्यापाड्यांत फिरून. गावोगावचे कॅन्सर मोजता येतात, तर चार-पाच थिएटरांतले मृत्यू मोजायला काय अडचण आहे? अडचण मोजण्याची नाहीच, दाखवण्याची आहे.

निर्णयासाठी तर रुग्णानं हलायचीही गरज नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या देशभरातल्या जाळ्यात दूरस्थ ट्यूमर बोर्डाची सोय आहे. स्लाइडचे फोटो, स्कॅन आणि चार ओळींची हकीकत पाठवून तज्ज्ञांसमोर केस मांडता येते. आमच्या भागातल्या किती डॉक्टरांनी ती वापरली, हा प्रश्न मी बैठकीत विचारला. चहा आला, विषय बदलला. थोडी लाज माझीही आहे. त्या मुलानं विचारेपर्यंत मीही आलेल्या तुकड्याचा रिपोर्ट देऊन मोकळी झाले होते. न आलेल्या तुकड्याबद्दल फोन करणं माझ्या कामात बसत नाही, अशी माझीही समजूत होतीच.

आणि पैसे. महात्मा फुले जनआरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, आणि आयुष्मान भारत, दोन्ही मिळून आज कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं कवच आहे. या योजना नसत्या तर आमच्या रुग्णाची गोष्ट दुर्बिणीपाशीच संपली असती, हे आधी कबूल करते. पण पॅकेज एका रोगाचा विचार करून बांधलेलं असतं. आयुष्मानच्या नियमात एकाच वेळी दोन ऑपरेशनं झाली तर मोठ्याचे पूर्ण पैसे, दुसऱ्याचे निम्मे, तिसरं असेल तर पाव. भूल एक, थिएटर एक, तेव्हा निम्मा दर मला स्वतःला अन्यायाचा वाटत नाही. घोळ पुढे आहे. वेगवेगळ्या दिवशी केलं तर दोन्हींचे पूर्ण पैसे मिळतात. म्हणजे एकदम करायचं की टप्प्यानं, या निव्वळ वैद्यकीय प्रश्नात हिशोबाच्या टेबलाचंही मत मिसळतं. आणि गळती झाली, महिनाभर आयसीयू लागला, तर ते त्याच पॅकेजमध्ये. मग रुग्णालय काय करणार? ज्याच्या बाबतीत गळतीची भीती जास्त, त्याला गोड शब्दांत दुसरीकडे पाठवणार. जोडकॅन्सरच्या रुग्णाला 'तुम्ही टाटालाच दाखवा' हे वाक्य तीन ठिकाणी ऐकायला मिळतं, त्यात दर वेळी नम्रताच असते असं नाही. अशा रुग्णांसाठी, निवडलेल्या केंद्रांपुरतं तरी, गुंतागुंतीचा खर्च वेगळा धरणारं पॅकेज हवं. संख्या इतकी थोडी आहे की राज्याच्या तिजोरीला ते जाणवणारही नाही.

आमच्या रुग्णाचं ऑपरेशन मुंबईत झालं. आधी केमो आणि शेक, मग दोन महिने पोटातल्या नळीतून दूध-अंडी-सत्त्व आणि तंबाखूची पुडी घराबाहेर. उजव्याच बाजूचा डाग, म्हणून अन्ननलिका आणि फुप्फुसाचा उपखंड एकाच वेळी काढला, सांधा मानेत केला. सहाव्या दिवशी तो सांधा गळाला. मानेतच गळाला, म्हणून निभावलं. आज तो दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातो, भाकरी दुधात कुस्करून. रात्री आम्ल घशाशी येऊ नये म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्यात. पुढच्या महिन्यात स्कॅन आहे.

रुग्णालयात तो एकतीस दिवस होता. उपचारांचे पैसे योजनेतून गेले. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात तिकीट लागत नाही, सोबत्यालाही मोठी सवलत असते, तीही मिळाली. पण मुंबईत उतरल्यावर सोबतच्या माणसानं राहायचं कुठे आणि खायचं काय, हे कुठल्याही पॅकेजमध्ये नाही. धर्मशाळेत अकराव्या दिवशी जागा मिळाली, तोवर मुलगा रुग्णालयाच्या पायरीवर झोपला. मी दूर पाठवा म्हणते तेव्हा हा खर्च कुणाच्या तरी अंगावर पडतो, हे मला माहीत आहे, आणि तो सरकारनं उचलल्याशिवाय माझ्या मागणीला अर्थ नाही. स्लाइड्स परत द्यायला आला तेव्हा त्यानं मला वही दाखवली. शाळेची, दोनशे पानी. रोजच्या नोंदी: चहा, झेरॉक्स, वडापाव, संडास-आंघोळ, मोबाइल चार्जिंग, पुन्हा झेरॉक्स. खाली बेरीज मांडलेली होती आणि तिच्यापुढे कंसात लिहिलं होतं, गळीत हंगामाची मजुरी धरली नाही.